ओहोटीला निघालेली होडी

वसई, ३ डिसेंबर १९५१

पाचूबंदरला मच्छीमारांची सोसायटी उभी राहावी म्हणून आज सभेत एकजुटीची गोष्ट सांगितली. माझा नायक ऐन ओहोटीला एकटाच होडी घेऊन निघाला आणि सगळे हसले. पुढे बसलेली मासळीवाली मावशी ओरडली, "मास्तर, पानी नाय तं होडी काय डोक्यावर नेली?"

ओहोटीला होडी! इतकं वाचून मला किनाराच दिसू नये?

म्हटलं, "मावशी, तुम्हीच सांगा पुढं." तिने गोष्टीतली होडी चिखलात रुतवली, ढकलायला वीस माणसं बोलावली. मी तासभर ओरडून जे पटलं नाही, ते तिच्या चिखलाने पटवलं. सोसायटीच्या यादीत पहिलं नाव तिनेच नोंदवलं. अध्यक्षही तिलाच करावं. पुरुष कुरकुरतील. कुरकुरू देत.