दादाचे पहारेकरी

१५ मार्च, रविवार

प्रिय दादा,

मी बरी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण तू पत्राची शेवटची ओळ आधी वाचतोस. वहिनीचा खोकला गेला का? आणि तुमच्या बिल्डिंगची लिफ्ट चालू झाली का? गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस स्वतः जिने चढतो, हे मी दुकानात सगळ्यांना सांगून झालं आहे.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

मी पुन्हा पूर्ण दिवस कामावर जाते. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून चष्म्याच्या काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या. केस परत आले, पण कुरळे. आपल्या घरात कुणाचे आहेत कुरळे? रक्तगटही बदलला. जन्मभर बी होते, आता तुझ्यासारखी ओ. तुझी अस्थिमज्जा माझ्या हाडांत रुजली की रक्त तिचंच तयार होणार, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी तो कागद हातात आल्यावर मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले.

आता मुद्द्यावर येते. वहिनीकडून तुला कळलंय, पण अर्धंमुर्धं.

काउंटरवरच्या बाईंच्या मुलीला नोकरी लागली म्हणून त्यांनी घरी अक्रोडाचा केक केला होता. एक तुकडा खाल्ला, झकास होता. दुसऱ्यासाठी हात पुढे केला तर तळहात खाजायला लागले. मग कान तापले, पोटात पीळ पडला. बाई म्हणाल्या, "अगं, तुझे ओठ बघ." चष्म्याच्या दुकानात आरशांना काय तोटा? जिकडे वळावं तिकडे सुजलेल्या तोंडाची एक बाई माझ्याकडे बघत होती.

आवाज घोगरा झाला, श्वासाला शिट्टी यायला लागली. पण दादा, त्याहून विचित्र एक गोष्ट होती. आता काहीतरी फार भयंकर होणार, अशी माझी खात्रीच पटली. इतक्या मोठ्या आजारपणात तसं कधी वाटलं नव्हतं. नंतर कळलं की तेही एक लक्षणच आहे. शरीराला आपल्याआधी कळतं म्हणे.

मालकांनी गाडी काढली. दवाखान्यात पोचेपर्यंत मला नीट बसवेना. नर्सने सलवारीवरूनच मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन टोचलं. थोड्याच वेळात घसा सुटला. छाती मात्र धडधडत राहिली, पळून आल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅलर्जीची डॉक्टरीण आली. वयाने माझ्याहून लहान, पण समजावून सांगायची हौस दांडगी. मी म्हणाले, "मी लहानपणापासून अक्रोड खात आले आहे."

"तुम्ही खात आलात," ती म्हणाली, "पण तुमच्या अंगात आता जे पहारा देतात ते तुमचे नाहीत. भावाकडून आलेत."

तुला माहीत आहे, मला एखादी गोष्ट कळली नाही की झोप लागत नाही. मी तिला सोडलंच नाही. ती म्हणाली, आपल्या कातडीत, ओठांत, घशात, आतड्यांत एका जातीच्या पेशी असतात, पोतडी गच्च भरून बसलेल्या. शरीराने अक्रोडाला एकदा शत्रू ठरवलं की त्याला ओळखणारे प्रतिपिंड तयार होतात आणि त्या पेशींच्या अंगावर जाऊन बसतात. त्या वेळी आपल्याला काहीच कळत नाही. पुढच्या खेपेला अक्रोडाचा कण आला, त्याने शेजारच्या दोन प्रतिपिंडांना एकदम धरलं, की पोतडी फुटते. त्यातून जे बाहेर पडतं त्याने रक्तवाहिन्या सैल पडून पाझरायला लागतात, घसा सुजतो, श्वासनळ्या आवळतात, रक्तदाब खाली येतो. म्हणजे जीव घ्यायला निघतो तो अक्रोड नव्हे, आपलेच राखणदार. चोर समजून पाहुण्याला बडवायचं, आणि त्या झटापटीत घरच पाडायचं.

मग तिने विचारलं, "भावाला चालतो का अक्रोड?"

"न चालायला काय झालं? एका ताटात जेवलोय आम्ही."

"मोठेपणीही सुरू होतं हे," ती एवढंच म्हणाली.

त्या संध्याकाळी मी वहिनीला फोन केला. ती म्हणाली, "त्यांच्या खिशात ते इंजेक्शन असतं. काही वर्षं झाली."

"मग हॉस्पिटलात सांगितलं नाही त्याने?"

"विचारलं होतं डॉक्टरांनी. ते नाही म्हणाले."

त्या दिवसापासून तू फोन उचलत नाहीस.

मला राग आला. लपवून काय उपयोग? मी मरता मरता वाचले, आणि तुला ठाऊक होतं. वहिनीशीही धड बोलले नाही. मग माझ्याच्याने राहवेना, म्हणून डॉक्टरीणबाईंना विचारलं, "त्याने खरं सांगितलं असतं तर त्याची मज्जा घेतली नसती?"

"जुळणारं दुसरं कोण होतं? घेतलीच असती. फक्त तुम्हाला अक्रोडापासून लांब राहायला सांगितलं असतं."

एवढंच होतं, दादा. एवढ्यासाठी तू ते ओझं घेऊन फिरलास.

आता कामाचं. तुला आणखी काय चालत नाही? चाचण्या करणार आहेत, पण चाचणी नुसत्या शंका दाखवते, ज्याने भोगलंय त्याचा अनुभव जास्त खरा, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. तोवर मी भात, बटाटा आणि दूध यांवर आहे. वजन उतरतंय. प्रत्येक घासाला वाटतं, ह्याला दादाचे लोक ओळखत असतील का?

तुझ्या उत्तरासाठी ताटावर थांबलेली,
ठकू


२४ मार्च, मंगळवार

ठकू,

तुझ्या वहिनीने कागद-पेन समोर ठेवलंय आणि लिहीपर्यंत चहा मिळणार नाही म्हणते.

अक्रोड चालत नाही. काजू, पिस्ते, बदाम मी भीतीने सोडले. ते चालतात की नाही मलाच माहीत नाही, तेव्हा तूही लांब राहा. शेंगदाणे, तीळ, अंडी, मासे, गहू मी सगळं खातो. डॉक्टरीणबाईंना हे सांग, त्या हो म्हणाल्या की पोटभर जेव.

पहिल्यांदा झालं तेव्हा मी लिफ्टच्या टपावर होतो, दोन मजल्यांच्या मधे. कामावरच्या जोडीदाराने अक्रोडाचं बिस्किट दिलं होतं. तू लिहिलंस ना, भयंकर होणार अशी खात्री, अगदी तसंच. आजवर ते कुणाला सांगायला मला शब्द मिळाले नव्हते. कंपनीला कळवलं नाही. असा माणूस उंचावर कोण ठेवेल? तुला आणि बाकी घरच्यांनाही कळवलं नाही. मग न सांगायची सवयच लागली.

हॉस्पिटलात बाहेरच ऐकलं होतं की माझ्याशिवाय कुणाचं जुळत नाही. डॉक्टर एकेक विचारायला लागले. मधुमेह? कावीळ? अ‍ॅलर्जी? मी सगळ्याला नाही म्हणत गेलो. ते प्रश्न लवकर संपावेत आणि त्यांनी मला आत घ्यावं, एवढंच डोक्यात होतं. माझं दुखणं तुझ्याकडे जाऊ शकतं, हे स्वप्नातही आलं नाही. वहिनीने तुझं सांगितलं, आणि तुझा आवाज ऐकायची हिंमत होईना.

शनिवारी येतो. त्या बाईंकडे माझीही वेळ घे. विचारतील ते खरं सांगेन.

आणि एक. ते इंजेक्शन पर्समध्ये ठेवू नकोस, पर्स तू कुठेही विसरतेस. अंगावर ठेव. कपड्यांना खिसे नसतील तर शिवून घे, सगळ्यांना.

तुझा भित्रा,
दादा