टोपातलं निळं अस्तर

आई,

पाया पडते. मी बरी आहे, पोटभर जेवते. हाताला घट्टे पडलेत, पण उस्ताद म्हणतात, आता कुठे हात कामाचा झाला. तुझा गुडघा कसा आहे? धाकटी वेणी घालताना अजून घर डोक्यावर घेते का?

ड्रॅगनशी लढून डोंगरावरून जो स्वतःच्या पायांनी उतरतो, तो आपला लोखंडी टोप घेऊन घरी जातो. बाकीचे टोप आमच्याकडे वितळवायला येतात. भट्टीत टाकण्याआधी आतलं अस्तर उसवायचं काम माझं. कुणाचा टोप, हे इथं कुणी विचारत नाही.

काल एका टोपात आपल्या निळ्या पांघरुणाचा तुकडा निघाला. टाके तुझेच, वाकडेतिकडे. दादा त्यावरून तुला किती चिडवायचा!

माझा हात पुढे होईना. उस्तादांनी पाहिलं. त्यांनी माझ्या हातातली कात्री काढून घेतली आणि टोप माझ्या पेटीत ठेवला.

आई, दादासाठी रोज ताट झाकून ठेवतेस ना? आजपासून ते धाकटीला वाढ.

तुझ्या कुशीत शिरावंसं वाटणारी,
थोरली