रिकाम्या चौकटीला दिलेली जागा

आबा, तुझी सायकल मी परत चालती केली. चेन नवी आहे, बाकी सगळं तुझंच. घंटी वाजत नाही, पण ती तू असतानाही वाजत नव्हती. तू तोंडानेच "ए बाजू, बाजू" करायचास. तू जाऊन बारा वर्षं झाली आणि माझा एक प्रश्न त्याहून जुना आहे, तो विचारायला हे लिहितेय. त्या दिवशी तुझी रिकामी चौकट सायकलला बांधलेली असती, तर त्या पिकअपवाल्याने तुला जागा दिली असती का? तू म्हणाला होतास, नसती दिली. मला ते तपासून बघायचं होतं. आई म्हणाली, "आधीच तुन्हा पायले भिंगरी, आते सायकलबी भेटनी." पण जुन्या सुतळीचं बंडल माळ्यावरून तिनेच काढून दिलं.

चौकटीची गोष्ट तुला काय सांगायची, पण ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. तू फोटो मढवायचास, देवांचे, लग्नांचे, गेलेल्या माणसांचे, आणि लोकांच्या खिडक्यांना काचा बसवायचास. काच कापायचा हिरा तुझ्या वरच्या खिशात असायचा, त्यामुळे तुझ्या प्रत्येक शर्टाचा खिसा एकाच जागी फाटलेला. काच न्यायची तुझी पद्धत ठरलेली होती: कॅरिअरच्या उजव्या अंगाला उभी, वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने आवळलेली, कोपऱ्याला लाल चिंधी. काच असली की मागची गाडी लांबून जाते, आणि काच बसवून मोकळा परत निघालो की तीच गाडी कोपराला घासून जाते, हे तुझ्या लक्षात आलं. मग तू तीन फुटांची एक सागवानी चौकट केलीस. आत काही नाही, नुसती हवा. तिला कागद गुंडाळून तू येता-जाता बांधून फिरायला लागलास. मी पुढे दांडीवर बसलेय, तू हँडलवरून वाकून माझ्या कानाशी म्हणतोयस, "काचले भ्यातस लोके, मानूसले नही," आणि स्वतःच हसतोयस. कापडाच्या दुकानातले शेठजी एकदा तुला हटकून म्हणाले, "रोज काच घेऊन फिरतो, बसवतो कधी रे?" तू म्हणालास, "शेठ, हाई काच मालेच बसाडेल शे." शेठजींना ते कळलं नाही. ती काच तू स्वतःलाच बसवून घेतली होतीस, हे मलाही तेव्हा कळलं नव्हतं.

त्या दिवशी चौकट माझ्याकडे होती. मी नऊ वर्षांची. कागद फाडून टाकला होता आणि शेजारच्या ओट्यावर, चौकटीत तोंड घालून, मी टीव्हीवरच्या बाईसारख्या बातम्या देत होते. समोर चार मुली बसलेल्या. घरातून तुझी हाक आली, "चौकट कोठे शे व?" मी ती ऐकली. बातम्या संपल्या नव्हत्या म्हणून ओ दिली नाही. तू थोडं शोधलंस आणि तसाच निघालास. नाल्यावरच्या अरुंद पुलावर पिकअपचा आरसा तुझ्या कोपराला लागला आणि तू हातावर पडलास. मनगट जुळलं, पण हिरा पुन्हा सरळ चालला नाही. हात जरा हलला की काच आपल्याच मर्जीने फुटते, हे मी त्या उन्हाळ्यात शिकले. तू आठ-दहा काचा फोडल्यास आणि मग हिरा कपाटात ठेवून दिलास. गावाबाहेर लाल मिरच्या वाळत घालतात त्या पथारीवर राखणीला जायला लागलास. तीन वर्षांनी कावीळ झाली. पण हाताला प्लास्टर असतानाच तू मला जवळ घेऊन म्हणाला होतास, "चौकटना काही संबंध नही. डायवरच तसा व्हता." तेव्हा मला ते पटलं. आता पंचविसावं लागलंय, आणि पटत नाही.

म्हणून हे सगळं सुरू केलं. मी दहावीला गणितात दोनदा नापास झाले, मला मोजमाप जमत नाही, पण कोपराला वारा लागतो की नाही एवढं तर कुणालाही कळतं. आधी नुसती सायकल. स्टेशनपासून धुळे चौफुलीपर्यंत रोज, सकाळी शाळा भरायच्या वेळी. मग चौकटीला कागद गुंडाळून, ती बांधून. मधे दोन दिवस चालत, कारण टायर पंक्चर झाला आणि पंक्चरवाल्याकडे एक मांजर व्यायली होती, पिल्लं बघत तिथेच वेळ गेला. पण चालतानाही कळलं काही. डोक्यावर हंडा असलेल्या बाईला गाड्या जरा वळसा घालतात, रिकाम्या हाताच्या बाईला नाही. बकरी दोरीने धरली असेल तर फारच लांबून जातात, कारण बकरीचा भरवसा नाही. एसटीचा ड्रायव्हर ओलांडायच्या आधी पाठीमागे थांबतो, मोकळं दिसलं की एकदम पूर्ण बाजूने जातो. उसाचा ट्रॅक्टर बिचारा कुठे जाणार, दोन ट्रॉल्या मागे, तो पुढे जाऊ लागला की आपणच रस्त्याखाली उतरायचं. कळसाडीला आत्याकडे गेले होते तेव्हा तिथल्या शाळेच्या मुली सायकलवरून कशा एका ओळीत उतरतात ते बघितलं, कुणी सांगावं लागत नाही. मोटारसायकलवाले डावीकडूनही काढतात. आणि हॉर्न. हॉर्न दिला म्हणजे जागा दिली, असं पुष्कळांना वाटतं. हॉर्न देतात आणि खेटूनच जातात, जणू पत्र पाठवलं होतं, तुम्ही वाचलं नाही.

चौकट बांधली की मात्र गंमत होते. आबा, तू बरोबर होतास. पहिल्याच दिवशी एक टेम्पो पार पलीकडच्या कडेला गेला. रिक्षावाला मागे येऊन ओरडला, "काय व पोरी, काच शे का त्यामा?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "मंग हळू चालव ना, माले घाम फुटना." त्याला घाम आला. आदल्या दिवशी त्यानेच, निळ्या झालरीवरून ओळखलं मी, माझी ओढणी हँडलसकट ओढत नेली असती.

मला राहवत नाही, मी विचारते लोकांना. अक्कलकुव्याला हायवेवरच्या एका हॉटेलात मी दोन महिने गल्ल्यावर होते. आता मुद्दाम गेले, कारण गुजरातकडे जाणारे-येणारे सगळे तिथे चहाला थांबतात. एक पिकअपवाला, वयाने तुझ्याएवढा, बशीत चहा ओतत बसला होता. त्याला विचारलं, काका, तुम्ही काचेला जागा देता, माणसाला का देत नाही? त्याला वाटलं मी भांडायला आलेय. तुझी गोष्ट सांगितली, कोपराची सोडून, तेव्हा तो विचारात पडला. म्हणाला, "मानूस सरकी जास, पोरी. काच सरकस का?" मी म्हटलं, आणि माणूस नाही सरकला तर? तो म्हणाला, "सरकसच. आते लगून तरी सरकनाच." मग बशी खाली ठेवून त्याने मलाच विचारलं, "तुन्हा बाप सरकना नही का?" मी म्हटलं, पूल अरुंद होता.  पैसे दिल्यावर बाहेर जाऊन त्याने आपल्या गाडीचा डावीकडचा आरसा आत वळवला, आणि निघताना पुन्हा बाहेर काढला, कारण तो आत असला तर त्याला मागचं दिसत नाही. मला त्याचा राग आला नाही. मी त्याचा विचार करत बसले आणि माझी एसटी गेली.

आता तुला कळलंच असेल मी कुठे येऊन पोचलेय. स्टेशन रस्ता, चौफुली, शहाद्याचा रस्ता, पथारीजवळचा रस्ता, जिथे मिरचीची खाट उठते, ठसका लागतो म्हणून काचा वर करून गाड्या सुसाट जातात, सगळीकडे चौकटीला जागा मिळाली. पुलावरही चौकट नेली. तिथे मात्र एक पिकअप तसाच खेटून गेला, चौकट असूनही, कोपराला वारा लागला. म्हणजे तू म्हणालास तेच खरं. चौकटीचा संबंध नव्हता, ड्रायव्हर तसा होता. आईला हे सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिने वर पाहिलं नाही. म्हणाली, "तुन्हा बाप काच सोडी कोणलेच फसाडे नही." काचेचं सोंग सोडलं तर तू कुणालाच फसवत नव्हतास. मग भाकरी तव्यावर टाकत म्हणाली, "आनि तुले सोडी."

ती भाकरी करपली, त्यामुळे पुढे बोलणं झालं नाही. पण मला कळलं की तिला ते ओट्यावरचं, मी हाक ऐकूनही ओ न दिल्याचं, पहिल्यापासून माहीत होतं.

आबा, पुलाचं मी वर लिहिलं ते खरं नाही. आईलाही मी तेच खोटं सांगितलं. मी पुलापर्यंत तीनदा गेले. तिन्ही वेळा उतरले आणि सायकल हाताने ढकलत पलीकडे नेली. तिसऱ्या वेळी मागून एक पिकअप आला. त्याने हॉर्न दिला नाही. तो माझ्या मागे, चालत्या माणसाच्या वेगाने, पूल संपेपर्यंत येत राहिला. तो चौकटीमुळे मागे राहिला की मी दिसले म्हणून, हे पलीकडे गेल्यावर विचारता आलं असतं. त्याची खिडकी उघडी होती आणि तो माझ्याकडे बघतही होता. रस्त्यात भेटेल त्याला प्रश्न विचारत फिरणारी मी, बुटाची नाडी बांधायला खाली वाकले, आणि तो जाईपर्यंत बांधत राहिले. मी चपला घातल्या होत्या.

चौकटीचा कागद पावसाने भिजून फाटलाय. ही पानं तिलाच गुंडाळते, लिहिलेली बाजू आत.