पान तेवीस, ओळ सात, शब्द चौथा

डोकमर्डी, सिल्वासा
१२ सप्टेंबर १९९४

चि. अभिजीत यास जयवंतदाजीचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या मंगलाताईला तिचे गुडघे आणि माझा स्वभाव पूर्वीइतकाच त्रास देतात (हे तिचं वाक्य). नाशिकची हवा तुला मानवली असं शोभाच्या पत्रातून कळलं. तू स्वतः लिहीत नाहीस, त्याअर्थी नव्या संसारात सुखी असणार. आनंद आहे.

आता घडलं ते सविस्तर सांगतो. बदली होऊन गेलास तेव्हा तुझ्या ट्रंकेत कपड्यांबरोबर आपल्या कॉम्प्युटरवरच्या जहाजांच्या गेमचं पुस्तकही गेलं. चूक कुणाचीच नाही (ट्रंक तू भरली होतीस). पण तो गेम सुरू करताना दर वेळी त्या पुस्तकातला एक शब्द विचारतो आणि तो बरोबर दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. तीन वर्षं आपण दर रविवारी खेळलो, पण पुस्तक उघडायचं काम तुझं. मला वाटायचं, तुझी काहीतरी पूजा चालते. आता आपलं जहाज मिरी भरून मलाक्काच्या बंदरात उभं आहे आणि रीतसर बिल घेऊन गेम विकत घेतलेला मी बाहेर उभा आहे.

पहिल्या रविवारी त्याने विचारलं, पान तेवीस, ओळ सात, शब्द चौथा. मी पडद्यावर प्रश्न तसाच ठेवून नथूच्या एसटीडी बूथवर गेलो. फोन शोभाने उचलला. लग्नानंतर माझा पहिलाच फोन, आणि ‘कशी आहेस’ विचारायचं सोडून मी आकडे ओरडतोय! बिचारीने पुस्तक शोधलं आणि म्हणाली, “दाजी, ‘द’ आहे.”

“नीट बघ.”

“‘द’च आहे. टी, एच, ई.”

एवढ्या एका ‘द’साठी धावत घरी आलो, तर मंगलाने चटणी वाटायला कॉम्प्युटरचा प्लग काढून तिथे मिक्सर लावलेला. पुन्हा चालू केला, तर प्रश्न बदलला: पान नऊ! पुन्हा बूथ. परत येतो तर वीज गेलेली, आली तेव्हा पुन्हा नवा प्रश्न. तिसऱ्या खेपेला नथू (मूळचा धुळ्याचा, अतिशय सज्जन) हळूच म्हणाला, “सर, तेवीस-सात-चार लागला का? नाहीतर मी नऊ-दोन-पाच लावतो.” मी इथे मुलांना भूमिती शिकवतो रे! त्याने तो आकडा मटक्यावर खरंच लावला, बुडाला, आणि आता माझ्याशी तुटक बोलतो.

मग शोभाने प्रेमाने अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स काढून पाठवली. पुस्तकाची मूळ पानं गडद तांबडी, अक्षरं काळी. नक्कल निघू नये म्हणूनच तशी छापलेली. पाकिटातून चाळीस काळेकुट्ट कागद निघाले. मंगला ते उलटसुलट बघून म्हणाली, “शोभाला एवढा कसला राग आलाय?” मुंबईच्या ज्या दुकानातून गेम घेतला त्यांनाही पत्र टाकलं. त्यांनी कळवलं, आम्ही हल्ली हेल्मेट विकतो.

शेवटी तुझ्या जुन्या कारखान्यातला ललित आला. म्हणाला, “सर, माझ्याकडे कॉपी केलेली फ्लॉपी आहे. ती काही पूछतच नाही.” म्हणजे बघ, चोरून आणणाऱ्याला थेट आत प्रवेश, आणि बिल जपून ठेवणाऱ्याची दारात तोंडी परीक्षा! शिवाय त्याच्या फ्लॉपीत आपलं जहाज नाही, पुन्हा होडीपासून सुरुवात. मी स्पष्ट सांगितलं, मी मास्तर माणूस, असल्या वस्तूला हात लावणार नाही. चहा पाजून परत पाठवला.

शोभाला आशीर्वाद. तिला म्हणावं, दाजी वेडे नाहीत.

तुझा
जयवंतदाजी

ता.क. पुस्तक पोस्टाने पाठवू नकोस, गहाळ होईल. दिवाळीत स्वतः घेऊन ये. शोभालाही आण. चार दिवस तरी राहा.

ता.क. अभी, पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून खाली लिहिते. ललितची फ्लॉपी यांनी त्याच दिवशी ठेवून घेतली. रोज शाळेतून आले की लावतात. गेम आधी कप्तानाचं नाव विचारतो, तिथे तुझं नाव टाकतात, जरा वेळ बघत बसतात आणि बंद करतात. मी म्हटलं, खेळत का नाही? तर म्हणाले, “सुकाणू आणि तोफा, दोन्ही एकट्याने कसं सांभाळायचं?” दिवाळीपर्यंत थांबू नकोस रे. — ताई