ट्रकची चार बोटं कुठे गेली

चि. बारकूस,

थोरल्या बहिणीचे भरपूर आशीर्वाद, आणि त्यातले थोडे काढून माझ्या भावजयीला दे. तुझी तब्येत बरी असेल असं मी धरून चालते, कारण साधी शिंक आली तरी तू चार घरी निरोप धाडतोस आणि मला अजून एकही आलेला नाही. गुडघ्यांना तेल लावतोस, की नुसती त्यांची कहाणी सांगत बसतोस? माझं म्हणशील तर ऑपरेशन केलेल्या डोळ्याला आता इतकं स्वच्छ दिसतं की सुनेने केर कुठल्या कोपऱ्यात लोटलाय ते मला अंथरुणातून कळतं. घरात या डोळ्याचं कौतुक पहिले आठ दिवसच होतं. (पत्र नातीच्या हातचं आहे. तिने एवढ्यातच दोनदा विचारलं, आजी, हे गाळू का म्हणून. गाळायला हा काय चहा आहे?)

आता मुद्द्याचं. म्हणजे मुद्द्याचं शेवटी सांगेन, आधी ट्रकचं सांगते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ट्रकचा पुढचा ॲक्सल खड्ड्यात मोडला, तेव्हा तू भंगारबाजार पालथा घालून दुसऱ्या कुठल्याशा थोराड ट्रकचा ॲक्सल शोधून आणलास, तीन दिवस आमच्या अंगणात पाठीवर पडून तो स्वतःच्या हाताने बसवलास आणि गाडी चालू करून दिलीस. हे मी विसरलेले नाही. पण त्यानंतर कुंड्यांच्या कारखान्याच्या कच्च्या रस्त्यावर ट्रकची मागची बाजू नाचायला लागली, दर खेपेला दहा-बारा कुंड्या तडकायला लागल्या, आणि तुझ्या भाच्याने चार माणसांत तोंड उघडलं की मामांनी ॲक्सल वाकडा बसवला म्हणून गाडी वाकडी चालते. तू हातातला कप अर्धा भरलेलाच खाली ठेवलास आणि निघून गेलास. तेव्हापासून या घराची पायरी चढला नाहीस. माझ्या ऑपरेशनच्या वेळीसुद्धा भावजयीला एकटीला बसमध्ये बसवून दिलंस. बरं, भाचा तरी काय कमी? तुमच्या बाजूचं भाडं आलं की तो ते दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकतो आणि आम्हाला सांगतो, आज जरा अंग दुखतंय. (दोन वर्षांत त्याचं अंग नेमकं तेवढ्याच दिवशी दुखलंय.) एक भाऊ, एक मुलगा, मला धड कुणाची बाजूही घेता येत नाही आणि कुणाला मनसोक्त बोलताही येत नाही. माणसाने करायचं काय?

तर झालं असं. गेल्या महिन्यात एका सकाळी सुनेने अंगण धुतलं, तुझ्या भाच्याने त्या पाण्यातूनच ट्रक बाहेर काढला आणि तो गेला. मी पायरीवर बसले होते. कोरड्या रस्त्यावर चाकांच्या ओल्या खुणा उमटल्या आणि माझ्या नव्या डोळ्याला काहीतरी खटकलं. उठून जवळ गेले. आमच्या ट्रकला मागे एकेकच चाक, तेव्हा पुढचं चाक जिथून गेलं तिथूनच मागचं जायला हवं, आणि दोन्ही खुणा एकमेकींवर बेमालूम बसायला हव्यात. तसं नव्हतं. दोन्हीकडे बाहेरच्या अंगाला दोन-दोन बोटं रुंदीची एक पट्टी होती, तिच्यावरून फक्त पुढचं चाक गेलेलं, मागचं गेलेलंच नाही. मी तिथेच उकिडवी बसले आणि बोटं लावून पाहिलं. (येणारे-जाणारे काय हरवलं म्हणून विचारत होते. एकजण तर माझ्याबरोबर शोधायलाही बसला.) आता मला सांग, ॲक्सल वाकडा असता तर एका अंगाला पट्टी जास्त आणि दुसऱ्या अंगाला कमी नसती का दिसली? दोन्हीकडे अगदी सारखी कशी?

हे मी तुझ्या भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, आई, तू भाजी निवड. मी भाजी निवडली आणि मग सुतळी घेऊन ट्रकखाली गेले. टेपवरचे आकडे मला वाचता येत नाहीत, पण गाठ मारायला कुठे शाळेत जावं लागतं? नातीला पलीकडे उभं केलं आणि आधी लांबी पाहिली, डाव्या पुढच्या चाकाच्या मध्यापासून डाव्या मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत. मग तीच सुतळी उजवीकडे लावली. गाठ तिथल्या तिथे, केसभरही इकडेतिकडे नाही. म्हणजे बारकू, तू बसवलेला ॲक्सल नाकासमोर सरळ आहे! मग रुंदी पाहिली. पुढच्या चाकांच्या रुंदीला एक गाठ, मागच्या चाकांच्या रुंदीला दुसरी. दोन गाठींमध्ये माझी चार बोटं आरामात झोपली. तू आणलेला ॲक्सल मोठ्या गाडीचा, मागचा मूळचा लहान गाडीचा. पुढची चाकं कच्च्या रस्त्याच्या चाकोरीत ऐटीत चालायची, आणि मागची बिचारी चाकोरीच्या काठावर कधी चढायची, कधी घसरायची. ती नाचणार नाहीत तर काय करतील?

तुझ्या भाच्याला बोलावून सुतळी दाखवली. त्याने ती तीनदा लावून पाहिली, चौथ्यांदा टेप लावला, आणि हात धुवायला गेला. (पंधरा मिनिटं हात धूत होता.)

दुसऱ्या दिवशी आम्ही लोखंड कातणाऱ्या लेथवाल्याकडे गेलो. मला का नेलं म्हणशील तर मी आधीच ट्रकमध्ये जाऊन बसले होते. लेथवाला माणूस गोड, फक्त मशीन चालू असतानाच बोलतो, त्यामुळे निम्मं बोलणं आपण ओठांवरून ओळखायचं. त्याने सांगितलं की मागचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला लोखंडी गोल, आणि चाक यांच्या मध्ये पोलादाची जाड चकती बसवायची, तिला स्पेसर म्हणतात. चकती हबला आवळायची, आणि चकतीला स्वतःचे स्टड, म्हणजे आट्यांचे खिळे, असतात त्यांच्यावर चाक चढवायचं. मग चाक चकतीच्या जाडीइतकं बाहेर सरकतं. मला फार गंमत वाटली. एवढा मोठा ट्रक, आणि त्याच्या चाकाखाली आपण डगमगत्या टेबलाच्या पायाखाली ठेवतो तशी चकती! मी त्याला विचारलं, चाक निसटणार नाही का? तो म्हणाला, चकतीचं मधलं भोक हबच्या गोल काठावर घट्ट बसलं पाहिजे, सगळा भार नटांच्या जिवावर सोडायचा नाही. मी विचारलं, आणि बेअरिंग? तर म्हणाला, त्यावर ताण थोडा वाढणार, तेव्हा माल थोडा कमी भरा. मी विचारलं, आणि नट? तेव्हा त्याने मशीन बंद केलं (सगळे कामगार वळून बघायला लागले) आणि तुझ्या भाच्याला बजावलं की पहिल्या शंभर किलोमीटरनंतर प्रत्येक नट पुन्हा पाना लावून तपासायचा, हे विसरलात तर माझ्याकडे यायचं नाही.

यानंतर जे झालं त्यात चूक कुणाची हे मी सांगितलं नसतं, पण भावजयीला नात सांगेलच. लेथवाल्याने चकतीची जाडी विचारली, मी सुतळीच्या दोन गाठी त्याच्यापुढे धरल्या. त्याने विचारलं, प्रत्येक चकती एवढी? मी म्हटलं, प्रत्येक. एकीला कमी देऊन भांडण कशाला लावायचं? तीन दिवसांनी दोन चकत्या आल्या, चकचकीत, चार-चार बोटं जाड. तुझ्या भाच्याने बसवल्या. आम्ही सगळे लांब उभे राहून पाहायला लागलो. आता ट्रक पुढच्यापेक्षा मागून चार बोटं रुंद झाला होता. टायर मडगार्डच्या बाहेर असे डोकावत होते की जणू कुणी हाक मारली होती. तसाच ट्रक चौकापर्यंत नेला, तिथे डबकं होतं, आणि फोटो स्टुडिओच्या दाराशी लावलेल्या फोटोतल्या तान्ह्या बाळाला चिखलाच्या मिशा आल्या. स्टुडिओवाला बाहेर आला. त्याच्या तोंडून जे निघालं ते नात लिहायला तयार नाही.

तुझा भाचा म्हणे, लेथवाल्याचं माप चुकलं. लेथवाला म्हणे, आजींची सुतळी ओली असेल. मी कुणाच्याच अध्यात नव्हते. आमची सून शिलाई मशीनवर बसली होती, तिने वरदेखील न पाहता दोऱ्याचं टोक दाताने तोडलं आणि म्हणाली, “सदरा चार बोटं सैल करायचा असला तर दोन्ही शिवणी मिळून चार बोटं सोडतात, आई. एकेका शिवणीत चार नाही.”

मी माझे दोन्ही हात पाहिले. खरंच की! दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे. आणि ते रस्त्यावर मी स्वतःच मोजलं होतं. डोळ्याला दिसलं ते डोक्यापर्यंत पोचायला चार दिवस लागले. या वयात वाटेत विसावा घ्यावा लागतो.

लेथवाल्याने तोंड वाकडं करून चकत्या पुन्हा लेथवर चढवल्या आणि त्यांची जाडी निम्म्यावर आणली. परवा त्या बसल्या. मी सुतळी लावली, पुढे आणि मागे एकच गाठ. मग कारखान्याची एक खेप केली, जाऊन-येऊन बारा किलोमीटर, मी केबिनमध्ये. कच्च्या रस्त्यावर मी मागे वळून बघत होते आणि तुझा भाचा आरशात. मागची चाकं चाकोरीत अशी शिरली जशी घरच्याच वाटेला लागली. कुंडी एकच तडकली, आणि ती चढवतानाच हमालाच्या हातून निसटली होती.

घरी आल्यावर तो ट्रकखाली शिरला. मी पायरीवर. नुसते पाय बाहेर दिसत होते. मग खालून म्हणाला, “मामांनी बरोबरच बसवला होता.”

मी काय म्हणालास म्हणून विचारलं (ऐकू नीट आलं होतं, पण दोनदा ऐकायचं होतं). तर म्हणाला काही नाही, आणि कुणाला सांगू नकोस. मी कुणाला काही सांगितलेलं नाही. फक्त लिहून पाठवते आहे.

बाकी सगळे खुशाल. भावजयीला म्हणावं, मला शिवायला दिलेल्या उशा मी सुनेकडून शिवून घेतल्या आहेत, येताना आणीन.

तुझी
ताई
(अंगठा खाली आहे. शाई जास्त लागली, त्याला इलाज नाही.)

ता. क. येताना म्हणजे रविवारी. तुझ्या दारापर्यंत अठ्ठ्याऐंशी किलोमीटर, आणि कारखान्याचे बारा. शंभर तुझ्या अंगणातच भरतात, तेव्हा नट तपासायला तिथेच थांबावं लागणार. तुझा मोठा पाना शोधून, पुसून, दारात दिसेल असा ठेव. तो माफी वगैरे मागणार नाही, तोंडाला सवय नाही त्याच्या. तो म्हणेल, मामा, जरा नट बघता का? त्याचा अर्थ तू लावून घे, आणि मेहेरबानी करून ‘मी तेव्हाच सांगितलं होतं’ हे वाक्य त्या दिवसापुरतं गिळ.

ता. क. आणखी एक. त्याला मी सांगितलंय की तूच आठवण काढून बोलावलं आहेस. तू बोलावलं नाहीस हे मला ठाऊक आहे, पण आता बोलावलं आहेस.

ता. क. हे मात्र पत्र वाचून झालं की फाडून टाक. काल तुझा भाचा ट्रक अंगणात ठेवून बाहेर गेला असताना मी लेथवाल्याला चहाला बोलावलं आणि त्याच्याकडून सगळे नट तपासून घेतले. मुलाला आणि स्वतःला अठ्ठ्याऐंशी किलोमीटर नुसत्या मानापानावर सोडायला मी काही खुळी नाही. एक किंचित सरकला होता, तोही आवळून झाला. म्हणजे तुझ्यासाठी काम काहीच उरलेलं नाही. तरी तू एकेक नट सावकाश बघ, गुडघ्यांना त्रास होतोय असं दाखव, आणि निदान एकदा तरी म्हण, हा जरा सैल होता बरं का.