अण्णांवर गेलेला

३ फेब्रुवारी

— आणि तरी माझंच चुकलं! वहिनीला एवढंच म्हटलं, आधी औषध सुरू करा. तर म्हणते, "तिकडे बसून डॉक्टरकी करू नका भाऊजी." दादाच्या आतड्यातल्या गाठीचा तुकडा तपासायला दिलाय आणि नुसते बसलेत. कॅन्सर आहे हे कळलंय ना? मग आणखी काय तपासताय? अण्णांच्या वेळी कुणी तुकडे तपासले नव्हते.

अण्णा तरी कुठे वाचले म्हणा.

९ फेब्रुवारी

रिपोर्ट आला. वहिनीने फोन सरळ डॉक्टरीणबाईंना दिला. त्यांनी विचारलं, काम काय करता? म्हटलं, कापडाच्या गिरणीत रफू करतो. विणताना धागा सुटला की शोधायचा, भरायचा. "मग तुम्हाला लगेच कळेल," म्हणाल्या. "शरीरातही नवीन पेशी होताना धागे चुकतात. ते भरणारे आत असतात. तुमच्या दादांच्या गाठीत रफूवालेच कामावर नाहीत." म्हणून नेहमीचं केमो फारसं लागू पडलं नसतं. आता वेगळं औषध, अंगातल्याच पहारेकऱ्यांना जागं करणारं.

बरं झालं थांबले! वहिनीला सॉरी म्हणायला हवं. उद्या.

१६ फेब्रुवारी

दादाच्या रक्तातही तोच दोष. म्हणजे जन्माचा. बाई म्हणतात, वडिलांकडूनच, म्हणजे अण्णांकडूनच आला. "तुम्हीही तपासून घ्या. असेल किंवा नसेल, निम्मी निम्मी शक्यता. काय शोधायचं ते आता माहीत आहे, साडेचार हजारात होईल. असलाच तर दुर्बिणीने बघत राहू, गाठ व्हायच्या आधीच काढू."

म्हटलं, मला काही होत नाही. फोन ठेवला.

१७ फेब्रुवारी

लहानपणापासून सगळे म्हणायचे — थोरला आईवर गेलाय, धाकटा अण्णांवर. नाक त्यांचं, चाल त्यांची, शिंकसुद्धा! किती मिरवलं मी. दादा चिडायचा.

आईवर गेलेल्याला अण्णांचं दुखणं निघालं. मग माझं काय?

२१ फेब्रुवारी

आरशात अण्णा. दाढी अर्धीच सोडली.

२६ फेब्रुवारी

टेबलावर तागा तपासत होतो. शेजारचा म्हातारा रफूवाला — आम्ही त्याला चष्मा म्हणतो — ओरडला, "काय रे, पोटात कावळे ओरडतायत का?" बघतो तर माझी मूठ डाव्या कुशीत दाबलेली. अण्णा शेवटच्या वर्षी अस्सेच उभे राहायचे! मला दुखत नव्हतं. जराही नाही. हात आपोआप गेला.

चष्म्याला सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "लोकांचे तागे दिवसभर उजेडात धरतोस. स्वतःचा ठेव गुंडाळून!"

२ मार्च

दादाचा फोन. नव्या औषधाची पहिली सलाईन झाली. आवाज बारीक.

"रक्त दिलंस?"

"बघू. साडेचार हजार लागतात."

"बघू काय? अण्णांवर गेलोय म्हणून मिरवायचास ना? एवढ्या बाबतीत नको रे जाऊस."

५ मार्च

दर महिन्याला घरी बारा हजार जातात. कमी का, म्हणून वहिनी भांडेल. दादाला मात्र आकडा बघूनच कळेल.

आज पाठवले — साडेसात हजार.