मिठाचा वास

बाबा,

कालपासून माझंही मीठ बंद झालं. इथं ऊर्जानगरला, मुलाच्या कॉलनीतल्या दवाखान्यात, डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधून दोनदा पाहिलं आणि म्हणाल्या, "आजी, लोणचं-पापड विसरा, रोज फिरा आणि ही गोळी चुकवू नका." घरी आले तर सुनेनं जडीबुटीच्या गोळ्यांची बाटली आणून ठेवलेली. तिच्यावर बारीक अक्षरात 'सर्पगंधा' लिहिलेलं वाचलं आणि मी एकटीच हसत सुटले. सून घाबरली, तिला वाटलं, प्रेशर डोक्यात चढलं. डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय ती उघडायची नाही असं सांगून बाटली कपाटात ठेवली आणि आज तुमच्याशी बोलायला बसले. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली, पण या विषयात मला दुसरं कोणी सुचलंच नाही.

आपल्या सावली गावाच्या आसपास लग्न असो की तेरवी, चूल तुमची. अंगणात चर खणायचा, त्यावर मोठाले गंज-पातेले ओळीनं चढवायचे, आणि तुम्ही धोतर खोचून या टोकापासून त्या टोकापर्यंत. देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी काही चाखायचं नाही, हा तुमचा नेम. दुसरे आचारी पाठ फिरवून बोट चाटून घेत, ते तुम्हाला खपत नसे. तुम्ही मुठीनं मीठ टाकायचे, ढवळायचे, वाफेवर तोंड धरून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "झालं." मीठ लागलं की भाजीचा वास भरतो, नाही तर कच्चा राहतो, हे मला तुम्हीच शिकवलंत. मी घरच्या चुलीवर करून पाहायची आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं. "माह्यं नाक पोरीनं नेलं," असं तुम्ही चारचौघांत सांगायचे. दुसरंही एक सांगायचे, "ज्या दिवशी माही मूठ चुकंल, त्या दिवशी झारा खाली ठेवीन." लोक हसायचे. असा दिवस येईल असं कुणालाच वाटत नव्हतं.

मी सतरा-अठराची असेन. एका तेरवीला तुम्ही चुलीपुढं गरगरून बसलात. मोठे बाबा, तुमचे थोरले भाऊ, ते पण आचारीच होते. ते असेच चुलीपुढं पडले आणि चार वर्षं अर्धं अंग लुळं घेऊन खाटेवर होते. त्यामुळे मायनं तुमचं काही ऐकलं नाही, तुम्हाला ओढतच सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर नवे, नागपूरचे. पाऱ्याच्या यंत्रावर त्यांनी तीनदा पाहिलं. "मीठ सोडा, तंबाखू सोडा, राग सोडा. आणि चुलीपुढं उभं राहणं सोडा, नाही तर भावासारखी गत होईल." तुम्ही विचारलंत, "साहेब, मंग माह्यापाशी उरते काय?" डॉक्टर हसले नाहीत. घरी येताना तुम्ही मायला एवढंच म्हणालात, "पोरीच्या लग्नाचा सैपाक मी करीन. मंग पाहू." माझं लग्न पुढच्या वैशाखात ठरलेलं होतं. "मंग पाहू" म्हणजे काय ते मायला आणि मला दोघींना कळलं. एकदा लग्नसराई लागली की तुम्ही कुणाला नाही म्हणणारे नव्हतात.

मग मायनं घरातलं मीठच उचललं. "एका घरात दोन चवी रांधत बसू काय मी? खाऊ सगळेच अळणी." काय ते दिवस होते! पहिले आठ दिवस मी ताटावर बसून रडले. अळणी वरण, अळणी आंबील. शेजारीण वाटीभर भाजी मागायला यायची, ती पण येईनाशी झाली. पण माय हार मानणारी नव्हती. अंबाडी, चिंच, लसूण, जवसाची चटणी, असं काही ना काही पुढं करून तिनं जिभेला हळूहळू फसवलं, आणि दोन महिन्यांनी कुणाच्या घरचं जेवलं की तेच खारट लागायला लागलं. "आता खाल्ल्या मिठाले जागाले घरात मीठ तरी पाह्यजे," असं तुम्ही म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. सकाळी तुम्ही बोडीच्या पाळीवरून, तळ्याच्या त्या बांधावरून, चार चकरा मारायचे. तंबाखूची डबी खिशात असायची, रिकामी. ती वाजवत वाजवत चालायचे.

आणि ती औषधाची मुळी. मुलचेऱ्याकडच्या जंगलातले एक गोंड वैद्य तुमचे मैतर होते, त्यांच्याकडे तुम्ही कधीकाळी लग्नाचा स्वयंपाक केला होता. त्यांना कळलं तसे ते पायी आले आणि फडक्यात बांधलेली वाळकी मुळी घेऊन ओसरीवर बसले. "हे घे भाऊ. कडू हाये, पण रक्त थंड करते. नखाएवढंच घ्यायचं. जास्त घेशील तं झोपूनच राह्यशील." मायला तेवढ्यानं समाधान नव्हतं, तिनं ती मुळी डॉक्टरांना नेऊन दाखवली. डॉक्टर उलट खूश झाले. याच सर्पगंधेच्या गोळ्या आता नागपूरला मिळायला लागल्या आहेत, म्हणाले. पण मनानं वाढवू नका, एकदम सोडू नका, आणि दर महिन्याला येऊन दाखवा. तेव्हापासून घराची कळाच बदलली. पारा उतरला आणि त्याच्याबरोबर तुमचा रागही. कुणाच्या हातून परात पडली तरी तुम्ही नुसतं पाहायचे. माय शेजारणीला सांगायची, "माह्या नवऱ्याले कोणीतरी बदलून नेलं, वं. पण राहू दे, हाच बरा हाये." मला मात्र कधी कधी तुमचं ओरडणं आठवायचं.

फक्त एक झालं. त्या मुळीनं तुमचं नाक चोंदलं. सर्दी नाही, पडसं नाही, पण वास म्हणून येईना. तुम्ही ते लपवलं. मला कळलं, कारण एकदा घरी दूध करपलं आणि तुम्ही चुलीजवळच बसून होतात. मग एक दिवस तुम्ही हळूच मला म्हणालात, "लग्नाच्या आठ दिस आधी मुळी बंद करतो. नाक खुलंल." मी मायला सांगितलं नाही, पण तुमच्यासमोर बसून म्हटलं, "बंद केली तं मी हळदीले बसणार नाई." तुम्ही खिशातली रिकामी डबी वाजवलीत. मग म्हणालात, "तू हाय ना. तुह्यं नाक हाय."

लग्नाच्या दिवशी चुलीवर वांग्याची भाजी उकळत होती आणि तेवढ्यात वरात आली. तुम्ही आचारीही आणि मुलीचे बापही. झारा टाकून नवरदेवाचे पाय धुवायला धावलात. परत आलात तेव्हा भाजीत मीठ घातलं की नाही, तेच तुम्हाला आठवेना. मला मांडवामागे बोलावून घेतलंत. हळदीचे हात, कपाळावर मुंडावळ्या, घामानं सगळं ओघळलेलं, आणि मी गंजावर वाकले. "सांग पोरी. लागलं काय?" मी डोळे मिटले, वास घेतला आणि म्हटलं, "झालं, बाबा."

पंगत बसली. नैवेद्य झाला. पहिल्याच घासाला सासरकडचे एक म्हातारे थांबले. "आचारीबुवा, भाजी अळणी हाये." माय दाराला धरून उभी. सगळे वाट पाहत होते की आता तुम्ही भडकणार. तुम्ही एका पानावरची फोड उचलून तोंडात टाकली, चावली आणि हात जोडले. "हाव, भाऊ. माही मूठ चुकली. पानावर मीठ हाये, घ्या मंडळी." मला कुणी बोलू नये म्हणून लगेच पुढं म्हणालात, "पोरीचं काय, तिचं चित्त आज ठिकाणावर कसं राहीन?" आणि झारा राखेनं घासून, धुऊन, वीस वर्षं तुमच्या हाताखाली राबलेल्या गड्याच्या हातात दिलात. पुन्हा घेतला नाहीत.

मला सासरी वर्षानुवर्षं 'अळण्या लग्नाची' म्हणत. मी हसून घ्यायची. तुम्ही बोडीच्या काठाला अंबाडी, वांगी लावलीत, रोज फिरलात, महिन्याच्या महिन्याला दवाखान्यात गेलात आणि त्यानंतर चौदा वर्षं धडधाकट राहिलात. माझी तिन्ही लेकरं तुमच्या खांद्यावर बसली. दुसऱ्या बाळंतपणात तुमच्या हातची अळणी आंबील मी वाटी वाटी प्यायले, इतकी ती मला आवडली. एवढंच एक आठवतं, की दोन वर्षांनी डॉक्टरांनी मात्रा कमी केली आणि तुमचं नाक पुन्हा उघडलं. लग्नसराईत वाऱ्यावर कुणाच्या मांडवातला वास आला की तुम्ही पाळीवर उभे राहायचे आणि म्हणायचे, "मीठ कमी हाये." माय म्हणायची, जा की मग. तुम्ही मान हलवायचे. बोललेला शब्द मोडणारे तुम्ही नव्हतात. तेव्हा मी तुमच्याकडे पाहायची नाही.

आज सुनेनं माझ्यासाठी वेगळी भाजी शिजवली. मी सवयीनं वाफेवर वाकले. कच्चा वास आला, अगदी तसाच. बाबा, त्या दिवशी मांडवामागं मला कळलं होतं. मिठाचं पोतं हातभर अंतरावर होतं, एक मूठ टाका म्हणायचाच अवकाश होता. पण माझ्या डोळ्यांसमोर मोठ्या बाबांची खाट आली. हा कागद मी त्या बाटलीखाली ठेवून देणार आहे, दुसरीकडे कुठं पाठवणार? तुम्ही पुन्हा एकदा विचारलंत, तरी मी "झालं" असंच म्हणेन.